एपिजेनेटिक्सच्या नावाखाली पाडीच्या कांडीला बदनाम करू नका

गेले काही महिने आमच्या डिचोली-सत्तरी भागातल्या दूधवाल्यांमधे एकच वाद चाललाय. पाडीच होण्याची जी कांडी मिळते, म्हणजे सेक्स्ड सीमेन, मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेल्या गोठवलेल्या वीर्याची नळी, ती गायीला भरवायची की नाही. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या दारात कॅन घेऊन उभं राहिलं की कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि एक ऑडिओ ऐकवतो. त्यातला माणूस ठामपणे सांगतो की बैलाच्या नर आणि मादी शुक्राणूंमधे "एपिजेनेटिक फरक" असतो, मशीनमधून काढलेल्या कांडीनं तो फरक बिघडतो आणि तीन पिढ्यांनी गाय वांझ निघते. रांगेतलाच दुसरा कोणी चिडून म्हणतो, कसला फरक नि कसलं काय, तांदळातले खडे निवडतात तसे शुक्राणू निवडलेत, विरोध करणारे अडाणी आहेत. मग दोघंही आवाज चढवतात आणि दूध फुटायला लागतं तरी वाद संपत नाही.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. संकरित गायी पाळणाऱ्या गोव्यातल्या शेतकऱ्यानं ही कांडी वापरावी, धडधाकट कालवडींपासून सुरुवात करावी, आणि एपिजेनेटिक्सच्या भीतीनं तर ती मुळीच सोडू नये. पण एपिजेनेटिक्स म्हणजे काही नाहीच असं म्हणणाराही तितकाच चुकतोय, कारण त्या विज्ञानात आपल्या कामाचं जे आहे ते कांडीत नसून आपल्या पत्र्याच्या गोठ्यात आहे, आणि तिकडे या वादात एकानेही बघितलेलं नाही.

आधी मुळात हे आहे काय ते बघू, कारण दोन्ही बाजूंना तेच नीट माहीत नाही असं मला वाटतं. गायीगुरांच्या पेशीत 60 गुणसूत्रं असतात, 30 जोड्या. त्यातली एक जोडी लिंग ठरवते. गायीकडून नेहमी एक्सच येतो, बैलाकडून एक्स किंवा वाय, म्हणजे पाडी की पाडो (नर वासरू) हे बैलाच्या शुक्राणूवर ठरतं (घरोघरी गायीला बोल लावतात, तिचा यात काही संबंध नाही). एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठं, त्यामुळे एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए साधारण 3.8 टक्के जास्त. मशीन फक्त हेच मोजतं. डीएनएला चिकटणारा रंग लावतात, एकेक शुक्राणू लेझरसमोरून जातो, जो जास्त चमकतो तो एक्स, त्याच्या थेंबाला विजेचा भार देऊन बाजूला ओढतात. हे तंत्र अमेरिकेत सरकारी शेतकी संशोधन केंद्रात लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलं, 1989 मधे त्यातून सशांची पहिली पिल्लं झाली, आणि 2000 नंतर गायींसाठी ते बाजारात आलं. शंभरात नव्वद वेळा पाडी, असा त्याचा हिशोब.

आता एपिजेनेटिक्स. आमच्याकडे भजनी मंडळाची वही असते तिचं उदाहरण देतो. वहीत अभंग सगळे लिहिलेले असतात, त्यातलं अक्षरही बदलत नाही, पण बुवा कडेला पेन्सिलीनं खूण करून ठेवतात, आज हा घ्यायचा, हा सोडायचा, हा द्रुत लयीत. डीएनए म्हणजे वहीतले अभंग आणि एपिजेनेटिक खुणा म्हणजे ती पेन्सिल. मिथिलेशन म्हणतात ती यातलीच एक मोठी खूण, डीएनएवर बसणारी छोटीशी रासायनिक टिकली, ती बसली की बहुतेक वेळा तो जीन गप्प राहतो. आता प्रश्न असा की एक्सवाल्या आणि वायवाल्या शुक्राणूंच्या वह्यांवर पेन्सिलीच्या खुणा वेगवेगळ्या असतात का? शास्त्रज्ञ हे शोधतायत, आणि का शोधतायत तेही समजून घेतलं पाहिजे. लेझरचं मशीन महाग, त्यात शुक्राणू दमतात, मरतात. दोन्ही शुक्राणूंमधे डीएनएच्या वजनापलीकडे ओळखता येईल असं काही सापडलं तर मशीनशिवाय स्वस्तात वेगळे करता येतील, ही एक आशा. आणि मशीनमधून गेल्यावर खुणा जागच्या जागी राहतात की नाही ते तपासणं, हे दुसरं कारण. म्हणजे जे संशोधन कांडी स्वस्त आणि सुरक्षित व्हावी म्हणून चाललंय, त्याचं नुसतं शीर्षक वाचून आपण ते धोक्याची घंटा म्हणून वाजवतोय.

बरं, फरक सापडणं इतकं अवघड का जातं? शुक्राणू तयार होताना एक्सवाल्या आणि वायवाल्या पेशी एकमेकींना बारीक पुलांनी जोडलेल्या असतात आणि आपापला माल त्यातून वाटून घेतात, त्यामुळे गुणसूत्र वेगळं असलं तरी बाहेरून दोघं सख्खे भाऊच दिसतात. त्यात शेवटी शेवटी शुक्राणूचा डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रथिनांनी इतका घट्ट बांधला जातो की त्यातला जवळजवळ एकही जीन बोलत नाही. तरी फरक अगदीच नाही असंही नाही. 2019 मधे जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांमधे दाखवलं की टीएलआर 7 आणि 8 ही प्रथिनं एक्सवाल्या शुक्राणूंवरच असतात, आणि त्यांना विशिष्ट रसायन लावलं की एक्सवाले मंदावतात आणि वायवाले पुढे जातात. म्हणजे तांदूळ-खडेवाला माणूसही पूर्ण बरोबर नाही. पण हा फरक मशीननं घातलेला नाही, तो निसर्गतः आहे. वळूनं थेट भरवलं तरी तोच एक्स शुक्राणू तसाच्या तसा आत जाणार आहे. मग त्यातून झालेल्या पाडीला भ्यायचं कशाला? जगात आजवर झालेली प्रत्येक पाडी एक्सवाल्या शुक्राणूतूनच झालीय ना?

आणि खुणांचं पुढे काय होतं ते कुणी सांगतच नाही. शुक्राणू आणि अंडं एकत्र आलं की बापाकडच्या वहीवरच्या बहुतेक खुणा रबरानं खोडल्यासारख्या पुसल्या जातात, काही ठरावीक जीन्सच्या तेवढ्या राहतात, आणि मग गर्भ आपल्या खुणा नव्यानं मांडतो. पाडीच्या शरीरात तर त्याहून मोठं काम चालतं. तिच्याकडे एक्स दोन, म्हणून प्रत्येक पेशीत त्यातला एक गप्प केला जातो. मेरी लायन या ब्रिटिश बाईंनी हे 1961 मधे मांडलं. म्हणजे सगळ्यात मोठी एपिजेनेटिक उलथापालथ कुठल्याही कांडीशिवाय, गोठ्यातल्या प्रत्येक गायीच्या प्रत्येक पेशीत होऊन गेलेली आहे. "एपिजेनेटिक" हा शब्द ऐकला की रोग आठवायचं कारण नाही, तो जगण्याचाच भाग आहे.

आता विरोधकांचे जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात ते मान्य करतो, कारण ते झटकून टाकले तर मीही त्या तांदूळवाल्यासारखाच होईन. पहिला, वर्गीकरणात शुक्राणूंना त्रास होतो. रंग, लेझर, दाब, मग गोठवणं. साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू भरतात, या कांडीत वर्षानुवर्षं वीसेक लाखच भरायचे, आता काही ठिकाणी चाळीस लाख. गाभण राहण्याचं प्रमाण कमी होतं, हे कांडी विकणारेही नाकारत नाहीत. दुसरा, या कांडीतून दहातला जो एखादा पाडो होतो तो मेलेला जन्मण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमधे साध्या कांडीच्या नर वासरांपेक्षा जास्त दिसलं. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवू नये. तिसरा, मशीनवर निवडकच बैल चढतात, सगळ्यांनी त्याच दहा-पंधरा बैलांची कांडी घेतली तर पुढे नात्यातच पैदास होणार.

तरीही मी कांडीच्या बाजूनं का? एक तर तिच्यातून झालेल्या वासरांचं काय होतं ते बघून झालंय. 2004 मधे अमेरिकेत अशा हजाराहून जास्त वासरांची साध्या कांडीच्या वासरांशी तुलना छापून आली. जन्माचं वजन, गाभणकाळ, वेताचा त्रास, दूध तोडतानाचं वजन, कशातच दखल घेण्याजोगा फरक नाही. त्यानंतर जगभर अशा कांड्यांतून लाखो पाड्या झाल्या, त्या गायी झाल्या, त्यांच्या लेकी-नातीही दूध देतायत. ती तीन पिढ्यांनी वांझ होणारी गाय कुठे आहे? आणि गाभण कमी राहतात हा मुद्दा घेतला तर साधा हिशोब करू. शंभर साध्या कांड्या, गाभण पस्तीस धरा, आपल्याकडे गावोगावी साधारण तेवढंच जमतं. त्यात पाड्या सतरा-अठरा. पाडीच्या शंभर कांड्या, गाभण अठ्ठावीसच धरा, पाड्या पंचवीस. गाभण कमी राहूनही पाड्या जास्तच. हां, पण ज्या गायी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या, त्यांचे एकवीस-एकवीस दिवस फुकट जातात, चारा-खाद्य चालूच असतं, आणि तो खर्च शेतकऱ्याच्याच बोडक्यावर बसतो. म्हणून माझी मागणी अशी की कांडीवर सबसिडी देताना उलटलेल्या गायीची दुसरी कांडी फुकट द्या. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशिमला पंतप्रधानांनी देशी बनावटीच्या वर्गीकरण तंत्राची सुरुवात केली, त्यामुळे कांडी स्वस्त होतेय हे चांगलंच आहे, पण शेतकऱ्याला कांडीच्या किमतीपेक्षा रिकामा गेलेला महिना जास्त महाग पडतो.

पाड्याचं बोलायचं तर तिथेच सगळ्यात मोठं दुःख आहे आणि ते वादात येतच नाही. आमच्या शेजारच्या काकींची गाय मागच्या पावसात व्याली. मी कुंपणावरून विचारलं, काकी काय झालं? त्या गोठ्यातून हात पुसत बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "परत पाडोच जालो रे." तिसऱ्यांदा. पूर्वी पाडो झाला की घर खूश व्हायचं, जोताला बैल मिळाला. आता मळ्यात पॉवर टिलर आहे. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, 1996 मधे हायकोर्टानं बंद केल्या, आणि ते बरंच झालं. मग त्या पाड्याचं करायचं काय? आठ-दहा महिने कसंबसं पोसतात, मग एका रात्री तो लांबच्या रस्त्यावर दिसतो. जुलैच्या पावसात हायवेवरून रात्री गाडी चालवलेल्या प्रत्येकाला माहितीय, डांबर चिखलापेक्षा कोरडं आणि उबदार, वारा असल्यानं माश्या कमी, म्हणून गुरं रस्त्याच्या मधोमध बसतात, काळा पाडो तर लाइट त्याच्या डोळ्यांवर पडेपर्यंत दिसत नाही. त्यात दुचाकीवरची पोरंही जातात आणि पाडोही पाय मोडून तसाच पडून राहतो. गोशाळा तरी किती घेणार? जो म्हणतो की पाडीची कांडी निसर्गाविरुद्ध आहे त्याला मी कळकळीनं विचारतो, नको असलेला जीव जन्माला घालून रस्त्यावर सोडणं हे निसर्गाला धरून आहे का?

काही सुशिक्षित लोक इथे दुसराच मुद्दा काढतात, की माणसात लिंगनिवड गुन्हा आहे, 1994 चा कायदा आहे, मग गायीत कशी चालते. मला हा मुद्दा मनापासून पटत नाही. तो कायदा आला कारण जन्माआधीच मुली मारल्या जात होत्या, तिथे लिंगनिवड म्हणजे एका माणसाचा जगण्याचा हक्क काढून घेणं. इथे निवड न केल्यानं जो जन्मतो त्याची परवड होते. दोन्हीकडे "निवड" हा शब्द सारखा, पण दुखतंय कुणाला ते बघायला नको का?

नर-मादी निवडण्याचा हा खटाटोप काही आजचा नाही. ग्रीसमधे काही लोक म्हणायचे की उजव्या वृषणातून नर होतो आणि डाव्यातून मादी, गर्भाशयातही नर उजवीकडे आणि मादी डावीकडे. अॅरिस्टॉटलनं गर्भ उघडून बघितले, एकाच बाजूला नर-मादी दोन्ही असतात हे दाखवलं, तरी ती समजूत शेकडो वर्षं टिकली. 1905 मधे नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा कुठे वाय गुणसूत्राचं कोडं सुटलं. आणि उलट बाजूचं उदाहरण हवं तर रशियातला शेतीतज्ज्ञ लायसेंको. परिस्थितीनं घडलेले गुण थेट पुढच्या पिढीत जातात असं तो सांगायचा, जीन्सवाल्यांना त्यानं देशद्रोही ठरवलं. त्याचा एक गाजलेला प्रयोग गायींवरच होता, जर्सी बैलांचा संकर करून दुधाचं फॅट पिढ्यानपिढ्या टिकेल म्हणाला, 1965 मधे चौकशी समितीनं त्याच्या फार्मच्या नोंदी उघडल्या तेव्हा दावे कोसळले. आज "एपिजेनेटिक्स" म्हणत जे लोक कांडीत शाप शोधतात त्यांची उडी मला तशीच वाटते, एका खऱ्या गोष्टीवरून भलत्याच ठिकाणी.

पण मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो आपला आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारा गोव्याचा पाद्री. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, समोर कोसळणाऱ्या बाईवर हात रोखलेला, आपण सगळे लहानपणी त्याला घाबरलेलो आहोत. कांदोळीत 1756 मधे जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला तेव्हा तिथे लोक मानत होते की झोपवणाऱ्याच्या हातातून चुंबकीय द्रव वाहतो आणि त्यानं समोरच्याला गुंगी येते. फारियानं भर पॅरिसमधे सांगितलं की असा कुठलाही द्रव नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या आत घडतं. सगळ्यांचे डोळे हाताकडे लागले होते, हा एकटा त्या झोपलेल्या माणसाकडे बघत होता. आपलंही तसंच झालंय. सगळे कांड्या ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीकडे बघतायत, गायीकडे बघायला कुणी तयार नाही.

गायीकडे बघितलं तर काय दिसतं? अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात, म्हणजे आपल्यासारख्याच दमट उकाड्याच्या मुलखात, गाभण गायींचे दोन गट केले. वेताआधीच्या शेवटच्या सहा-सात आठवड्यांत, गाय आटवलेली असते तेव्हा, एका गटाला पंखे आणि पाण्याचे फवारे दिले, दुसऱ्याला नुसतीच सावली. पुढे दोन्ही गटांच्या पाड्या मोठ्या झाल्या, व्याल्या. आईला गारवा न मिळालेल्या पाड्यांनी पहिल्या वेतात रोज सरासरी पाचेक किलो दूध कमी दिलं. नातींपर्यंत परिणाम दिसला. आणि त्या पाड्यांच्या यकृतात आणि कासेच्या पेशींत मिथिलेशनच्या खुणा बदललेल्या सापडल्या. हे खरं एपिजेनेटिक्स, आणि दुधाच्या कॅनमधे मोजता येणारं. मोठ्या होल्स्टीन गायी होत्या, आपल्या गायीत आकडा लहान असेल, पण उकाडा आपला काही लहान नाही.

माझ्या वहिनीची एक जर्सी क्रॉस गाय आहे. तिला पाडीची कांडी भरवली होती, आठवा महिना चालू होता, आणि एप्रिलमधे दुपारी दोनला मी गोठ्यात गेलो तर ती मान पुढे काढून, तोंड उघडं टाकून धापा टाकत होती, लाळ गळत होती. घड्याळ लावून बरगडीमागची हालचाल मोजली, मिनिटाला ऐंशीच्या वर. साठच्या वर गेली की गायीला उकाड्याचा त्रास होतोय असं समजतात. वर नुसता पत्रा, हात लावला तर चटका बसेल असा. वहिनीला म्हटलं, तुम्ही कांडीचे पैसे मोजलेत, पाडी पोटात आहे, आणि तिला आत्ताच भाजताय. तिला ते लागलं, पण तिनं त्याच संध्याकाळी भावाला पत्र्यावर चढवून माडाची चुडतं पसरून घेतली, एका बाजूची भिंत अर्धी पाडून वारा मोकळा केला, दुपारी दोनदा पाइपनं अंगावर पाणी मारायला लागली. आठवड्यानं परत मोजलं तर पंचावन्न. खर्च जवळजवळ काहीच नाही. कांडी की नो कांडी यावर तासन् तास भांडणाऱ्या आमच्या वाड्यात त्या महिन्यात अजून किती पत्रे तसेच तापलेले होते, ते मी बघितलेत.

तसंच भरवण्याचं. पाडीच्या कांडीत शुक्राणू थोडे, त्यामुळे चूक खपत नाही. कांडी टाकीतून काढली की 37 अंशाच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट धरायची असते, थर्मामीटर लावून. मी एकदा खिशात धरून गरम केलेली कांडी भरवताना बघितलीय, गाय उलटली, आणि दोष कांडीला. माजाची वेळही तशीच, सकाळी गाय सोट टाकताना आणि दुसरी अंगावर चढली तर उभी राहताना दिसली की संध्याकाळी भरवायची, पण कांडी भरवणारा माणूस रविवारी येत नाही, सोमवारी दुपारी येतो, तोवर माज गेलेला असतो. हे सुधारायला कुठलं नवं संशोधन लागतं?

एक गोष्ट मात्र विरोधकांच्या बाजूनं ठासून सांगतो. गोव्याची स्वतःची गाय आहे, श्वेत कपिला, पांढरी, लहान चणीची, दोन-तीन लिटर दूध देणारी, पावसात आणि उकाड्यात रानावर जगणारी. आता कुठे तिची जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झालीय. तिला होल्स्टीनची पाडीची कांडी भरवू नका. तिथे पाडी झाली तरी कपिला उरत नाही, आणि ज्या गोठ्यात कपिलेचे चार वळू शिल्लक आहेत तिथे तर पाडोच मोलाचा. निवडक बैलांचा धोका खरा आहे म्हणालो तो इथे सगळ्यात जास्त. कुठल्या बैलाची कांडी कुठल्या गावात किती गेली याची नोंद पंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे, म्हणजे पुढे बापाची कांडी लेकीला जाणार नाही. फक्त ही मागणी करायला एपिजेनेटिक्सचा आधार लागत नाही, आमचे आजोबा गावचा वळू दर तीन वर्षांनी बदलायचे ते याच कारणानं.

वहिनीची गाय जूनच्या पहिल्या आठवड्यात व्याली. पाडीच झाली, कपाळावर पांढरा टिळा. काकी चीक न्यायला आल्या होत्या, बराच वेळ पाडीच्या अंगावरून हात फिरवत बसल्या, आणि जाता जाता वहिनीला विचारलं की ती कांडी आणून देणाऱ्या माणसाचा नंबर आहे का. वहिनीनं नंबर दिला आणि म्हणाली, "काकी, नंबर घ्या, पण आधी पत्र्यावर चुडतं घाला."